पोरं हसत नाहीत म्हणून

आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच फॉरवर्ड तीन वेगवेगळ्या जणांनी टाकला. वर एका मुलीचं चित्र: मोठे डोळे, घट्ट मिटलेले ओठ, छातीवर बोटं फाकून ठेवलेला हात. खाली मजकूर. पाउला मोडरझोन-बेकर ही जर्मनीतल्या एक्स्प्रेशनिस्ट (दिसतं तसं न काढता मनातलं रंगवणाऱ्या) चळवळीची पुढारी, हिला चित्र काढता येत नव्हतं, पोरांचा तिटकारा होता म्हणून ती अशी विकृत रंगवली, जिवंतपणी कुणी विचारलं नाही, आता मात्र कोटींत भाव. शेवटी हसून लोळणारे चार इमोजी.

मी काही चित्रकार नव्हे. बेळगावच्या शहापुरात बत्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला आणि पोरांचे फोटो किती काढले याला गणतीच नाही. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

चित्र येत नव्हतं, हे आधी घेऊ. बाई १८७६ मध्ये ड्रेस्डेनला जन्मली. सोळाव्या वर्षी लंडनमध्ये नातेवाइकांकडे राहून ड्रॉइंगचे धडे घेतले. पुढे दोन वर्षं बर्लिनला, महिला चित्रकारांच्या संघाच्या शाळेत, कारण सरकारी अकादमीत बायकांना प्रवेशच नव्हता. १९०० मध्ये पॅरिसला कोलारोसी अकादमी, शिवाय शरीररचनेचे वर्ग. तिने कोळशाने काढलेल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बघा, हाडं-सुरकुत्या जागच्या जागी आहेत. चेहरा जमत नव्हता म्हणून सोपा केला, असं म्हणायला जागाच नाही.

आता आपली नजरही कुठं घडली ते सांगायला हवं. बेळगावात पोर्ट्रेट म्हटलं की के. बी. कुलकर्णी सर. चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. कातडीवरचा उजेड कसा पकडायचा ते त्या परंपरेनं दाखवलं आणि आम्ही फोटोवालेसुद्धा लाइट लावताना तेच डोळ्यांपुढे ठेवायचो. त्या मापानं पाउलाची मुलगी कच्ची वाटणारच. पण तिचं माप तिनं भलतीकडून आणलं होतं. १९०३ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तिनं इजिप्तच्या फायूममधली चित्रं पाहिली, दोन हजार वर्षांपूर्वी मृतांच्या ममीवर बसवलेले चेहरे. समोरून बघणारे, डोळे मोठे, बारकावे कमी. फॉरवर्डमधली मुलगी त्यानंतरची, १९०५च्या सुमाराची. एकदा ते चेहरे शेजारी ठेवून बघा की.

पोरांचा तिटकारा होता, या मुद्द्यावर मात्र थांबतो, कारण इथं माझा धंदा येतो.

पोर स्टुडिओत आलं की आधी आई पदराला थुंकी लावून काजळ पुसणार, तीट नीट करणार. मागे बागेचा पडदा. मी कॅमेऱ्यामागून खुळखुळा वाजवायचो, तोंडानं कावळा काढायचो. पोर हसलं की क्लिक. त्या हसण्याचं आयुष्य अर्धा सेकंद. त्याआधी आणि नंतर पोराचा चेहरा कसा असतो? जड. गंभीर. आपल्याकडे एकटक बघणारा, हा माणूस कोण म्हणून. असल्या निगेटिव्ह आम्ही बाद करायचो, गिऱ्हाईक घेणारच नाही म्हणून. पाउलानं नेमका तोच बाद केलेला चेहरा उचलला आणि तासन्‌तास रंगवला. तिटकारा असलेलं माणूस इतका वेळ बघत बसत नाही.

ही पोरं होती कुणाची? ब्रेमेनजवळच्या वोर्प्सवेडे गावची. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून, वाळवून, जळण म्हणून विकणाऱ्यांची, काही तर अनाथ-निराधारांच्या घरातली. धाकटं भावंड मांडीवर किंवा कडेवर घेतलेली थोरली मुलगी तिच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येते. निपाणीत आई विड्या वळत बसलेली असताना आठ वर्षांची पोरगी बाळ कडेवर मारून उंबऱ्यात उभी असते, तिच्या तोंडावर कुठलं आलंय हसू? आणि तरी पाउलाच्या सगळ्याच मुली दबलेल्या नाहीत. बर्चच्या बुंध्यांमधून एक पोरगी पिपाणी फुंकत स्वतःच्याच नादात चाललेली आहे, तेही १९०५चंच.

घर सोडून गेली, हे त्या मजकुराखाली कुणीतरी जोडलंय, ते खरं. फेब्रुवारी १९०६ मध्ये ती नवऱ्याला सोडून पॅरिसला गेली आणि पुढच्या वर्षी परत आली. पण नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी एल्सबेथ तिनं सांभाळली, रंगवलीसुद्धा. २ नोव्हेंबर १९०७ला तिला स्वतःची मुलगी झाली. अठरा दिवसांनी, बाळंतपणानंतर उठून उभं राहण्याची परवानगी मिळाली त्याच दिवशी, रक्ताची गाठ अडकून ती गेली. वय एकतीस.

पुढारी बिढारी सोडा. त्या चळवळीतला सुरुवातीचा चित्रकारांचा गट, ड्रेस्डेनचा 'ब्र्युके', १९०५चा, त्यात ती नव्हती, आणि एक्स्प्रेशनिस्ट हे नाव रुळलं तिच्यामागं. नंतरच्यांनी तिला आपल्या पंगतीत ओढलं.

कुणी विचारलं नाही, हे बरंचसं बरोबर. सातशेच्या वर चित्रं, विकली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. १८९९ मध्ये ब्रेमेनला चित्रं लावली तर वर्तमानपत्रातल्या टीकाकारानं अशी झोडली की ती उतरवावी लागली. पण १९२७ मध्ये त्याच ब्रेमेनमध्ये तिच्या एकटीच्या चित्रांचं संग्रहालय उभं राहिलं, एका स्त्री चित्रकारासाठी बांधलेलं जगातलं पहिलं.

आणि तो 'विकृत' शब्द. १९३७ मध्ये नाझींनी जर्मन संग्रहालयांतून तिची चित्रं काढून नेली, तेव्हा वापरलेल्या शब्दाचा मराठी अर्थ नेमका हाच. फॉरवर्ड करणाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नाही, पण मला तो वाचून कसंतरीच झालं.

एवढं सगळं टाइप केल्यावर ग्रुपवर अर्धा दिवस सामसूम. मग ज्यानं पहिल्यांदा टाकलं होतं त्याचाच मेसेज आला: "बाकी तुझं काय असंल ते असू दे. पण ही पोरगी आमच्या अक्कासारखी दिसत्या. मला कडेवर घेऊन हिंडायची तेव्हाची."