चमच्यांवर घातलेलं नाव

पीएचडीत नेमकं काय करतो हे आईला पटवून देण्यात मला आजवर एकदाच यश आलं. पंचगंगेच्या पुरात उभा ऊस बुडला की पानातली प्रथिनं कशी बदलतात, ते मी बघतो. रोजचा एक असे सहा दिवसांचे सहा नमुने. त्यातल्या प्रथिनांचे तुकडे करून, ते सगळे एकत्र मिसळून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंची वजनं करणाऱ्या यंत्रात, सोडायचे आणि तरीही कुठला तुकडा कुठल्या दिवसाचा ते ओळखायचं.

"लग्नातली भांडी की रे! मिसळंनात, बुडाला नाव असतंय."

अगदी तेच. महाद्वार रोडवर पातेलं घेतलं की त्यावर टर्रर्र करून नाव घातल्याशिवाय आई दुकानाची पायरी उतरत नाही. आमच्या नावाला टीएमटी म्हणतात, प्रथिनांच्या तुकड्यांना चिकटवायची रासायनिक खूण, म्हणजे टॅग. सहा टॅग, 126 ते 131. सहाही वजनाला सारखेच, फक्त जड कार्बन आणि जड नायट्रोजन प्रत्येकात वेगळ्या जागी बसवलेले. वरून बघाल तर सहा जुळ्या पराती. यंत्रानं तुकडा फोडला की टॅगचं टोक सुटतं आणि त्या टोकाच्या वजनाचा आकडा दिसतो. परात उलटी केली, नाव वाचलं.

हा टॅग अमाइन, म्हणजे नायट्रोजनवाला एक गट, दिसलं की चिकटतो. प्रथिनाच्या तुकड्याचं सुरुवातीचं टोक आणि लायसिन हे अमिनो आम्ल, या त्याच्या हक्काच्या जागा. पण पाण्याशीही त्याची सलगी, आणि महिना जुलै. कोल्हापुरात जुलैत पापडसुद्धा कुरडईसारखा वाकतो. फ्रीझरमधली बाटली गार असताना उघडली तर आत दव धरणार, म्हणून ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत मी खुडूक कोंबडीसारखा तिच्यापाशी बसून राहिलो. मग टॅग विरघळवायला कोरडं अॅसिटोनायट्राइल, एक तास थांबणं, शेवटी चिकटणं थांबवायला हायड्रॉक्सिलअमाइन. सगळं पोथीबरहुकूम.

यंत्र पुण्यात, म्हणून नमुन्यांचा बर्फ भरलेला थर्माकोल डबा मांडीवर घेऊन एसटीनं निघालो. कंडक्टरनं वास घेत विचारलं, "मासं हाईत व्हय?"

रिपोर्ट आला. उसाच्या तुकड्यांवर टॅग जवळजवळ नाहीच. केराटिन मात्र भरपूर, म्हणजे माझी कातडी आणि माझेच केस. माझ्या गाईड मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बफर कुठला घेतलास?"

"ट्रायस."

बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, आणि ट्रायस ही हाताला सवयीची बाटली, दुसरं काय! पण ट्रायसच्या रेणूलाच एक अमाइन असतं. नमुन्यात प्रथिनं चिमूटभर, ट्रायस पोतंभर. टॅग बिचारा समोर येईल त्याला चिकटत सुटला. तिथं टॅग ज्याला चिकटत नाही असं हेपेस किंवा टीईएबी बफर घ्यायचं असतं हे मी सेमिनारमध्ये ज्युनियरांना दोनदा बजावलं होतं.

"ट्रायसचं लेबलिंग मात्र झकास झालं असणार," मॅडम म्हणाल्या.

घरी आई भाकरी थापत होती. थोडक्यात सांगितलं, "नाव पातेल्यांवर घालायचं होतं, सगळं चमच्यांवर पडलं."

"पैसे किती गेले?"

मी पाणी प्यायला उठलो.

तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "मग त्ये चमचे तरी घेऊन यायचं न्हाईस व्हय?"