काठी डावीकडंच असते काका!

आज सकाळी बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला गेले नि डोकं असं फिरलंय की चहा गार झाला तरी टाइप करतेय. ओळख ना पाळख, एक काका थांबले, ऑपरेशनला किती दिवस झाले विचारलं, मी म्हटलं चार महिने. तर म्हणतात, “आणि अजून काठी घेऊन फिरुलीस? माझा मेव्हणा दोन म्हैन्यात येळ्ळूर गड चढला की!” वर जाता जाता, “काठी पण उलट्या हातात धरलीस बघ, पाय उजवा नि काठी डावीकडं.”

अहो डावीकडंच धरायची असते! चालताना उजवा पाय आणि डावा हात एकदमच पुढं जातात, म्हणून दुखऱ्या पायाचा भार काठीवर जातो. आणि गडावर आता गाडी जाते, मेव्हणा नक्की कसा चढला ते एकदा विचारून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, जुलैच्या पावसात रेल्वेचे रूळ ओलांडताना स्कुटी घसरली, नडगी मोडली, आत प्लेट नि स्क्रू. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, मग एक्सरे बघून थोडं थोडं वजन. थोडं म्हणजे किती ओ? फिजिओवाली मुलगी गोकाकची, तिचं मराठी जेमतेम, माझं कानडी बाजारापुरतं. तिनं सरळ वजनकाटा आणून पायाखाली ठेवला, म्हणाली वीस किलो. मी पाय टेकला तर काटा थेट 41. परत टेकला, 35. मग घाबरून 8. “निधान री, गडिबिडी माडब्याडरी,” म्हणजे हळू, गडबड करू नका. अर्धा तास घामाघूम होऊन मी स्वतःच्या पायाला वीस किलो शिकवत होते. बेचाळीस वर्षं चाललेला पाय! त्या दिवशी घरी येऊन रडले, कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि गणपतीत काय केलं मी? आल्या-गेल्याचं एकच, अजून? अजून? लाज वाटून वॉकर आतल्या खोलीत ठेवला आणि आरतीचं ताट घेऊन तशीच हिंडले. वीस किलोचा हिशोब गेला कुठल्या कुठं. रात्री घोटा नारळाएवढा. डॉक्टरांचं ऐकून घेतलं ते वेगळंच.

बरं, काही जण भीतीनं पडूनच राहतात आणि गुडघा आखडून बसतो, त्यांना कुणीतरी ढकलावं लागतं, एवढं मान्य. आमच्या सासूबाई तर पावलं वरखाली करायला लागले तरी “हलवू नको गं” म्हणायच्या, ते रक्त साकळू नये म्हणून असतं हे त्यांना पटलंच नाही शेवटपर्यंत.

पण माणसाला बघून तारखा कसल्या मोजता? टेपनं मोजली तर माझी उजवी मांडी अजून डावीपेक्षा 3 सेंटीमीटर बारीक आहे. रोज गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबते, पाय सरळ उचलते, सीट उंच करून दहा मिनिटं सायकल, जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. रात्री सूज वाढली की दुसऱ्या दिवशी कमी करायचं. मैदानाची एक फेरी होते, दुसरी अर्धी. हा व्यायामच आहे, तुमच्या दहा फेऱ्यांएवढाच घाम येतो.

हे सगळं तोंडावर सांगायचं ठरवून दुसऱ्या फेरीत काकांना गाठायला गेले, म्हणजे माझ्या स्पीडनं, तर ते बाकावर बसून गुडघ्याचा पट्टा सैल करत होते. उठताना दोनदा प्रयत्न केला. मग काय बोलणार. नुसतं म्हटलं, काका, कुठला गुडघा? डावा म्हणाले. मग काठी उजव्या हातात घ्या, म्हटलं. हसले.

तर, वॉकर घरी नुसता पडून आहे. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, कुणाला हवा असेल तर मेसेज करा, पैसे नकोत. खालची रबरं तेवढी बदलून घ्या, झिजलीत, फरशीवर सरकतो.