‘दवाखाने तरी इंग्रजांनीच दिले ना?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्लेगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “जेजे कोणी बांधलं? देवीची लस कोणी आणली? हाफकिन कोण होते? इंग्रज आले नसते तर आपण अजून भगताच्या अंगाऱ्यावर असतो. रँडचं तुणतुणं किती दिवस वाजवणार?” तुम्हाला खटकलेलं माझं वाक्य होतं, ‘ब्रिटिशांचं वैद्यकीय खातं छावणीसाठी उभं राहिलं, रयतेला त्यातलं उरलंसुरलं मिळालं.’ वाक्य झोंबणारं आहे, कबूल. पण मागे घेत नाही, आणि का ते सांगतो.

आधी देवीची लस, कारण तिथे तुमचं बरंचसं खरं आहे. माझ्या आजीच्या दंडावर दोन वाटोळे व्रण होते. लहानपणी आम्ही त्यावर बोट फिरवायचो आणि ती ‘देवीडॉक्टर’ आल्याची गोष्ट सांगायची. त्या टोचणीने असंख्य पोरं वाचली, यात वादच नाही. हिंदुस्थानातली पहिली टोचणी आपल्या मुंबईतच झाली, १४ जून १८०२ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पण ती लस बगदाद-बसऱ्याहून इथवर पोचली कशी? बाटलीतून नव्हे, माणसांच्या दंडांवरून. एकाला टोचायचं, आठवड्याने फोड भरला की त्यातलं पाणी काढून दुसऱ्याला टोचायचं. ‘लस’ हा शब्दच मुळी अशा पाझरणाऱ्या पाण्याचा. पुढे कित्येक दशकं खेड्यापाड्यात हेच चाललं. म्हणजे देवीडॉक्टरला पुढच्या गावी जायचं तर सोबत टोचलेलं एखादं पोर हवं. आता त्या पोराच्या आईच्या जागी उभं राहून पाहा. आठ दिवसांचा फोड, पोराच्या अंगात कणकण, आणि कोणीतरी म्हणतं, याला शेजारच्या गावी न्यायचंय, त्याचा फोड फोडायचाय. ज्याच्या दंडावर टोचायचं त्याच्या घरी वेगळाच प्रश्न: ही लस कोणाच्या पोराच्या अंगातली? जातीचा विटाळ त्यात होताच, तो काही मी झाकणार नाही. पण पोरं लपवणाऱ्या सगळ्या आयांना अडाणी ठरवून मोकळं होता येत नाही. वासराच्या अंगावरची लस आली आणि विरोधातली निम्मी धार गेली. लोक तेच होते. बदलली ती रीत.

आता मुंबईचं जेजे हॉस्पिटल. त्यात सर जमशेटजी जीजीभाईंचे लाखाच्या घरातले रुपये आहेत. पुण्याचं ससून डेव्हिड ससून यांच्या देणगीतलं. बायकांसाठीचं कामा हॉस्पिटल पेस्तनजी होरमसजी कामांच्या पैशातलं. सरकारने काहीच दिलं नाही असं म्हणत नाही, जमीन दिली, पैसे घातले, डॉक्टर दिले. पण ‘इंग्रजांनी बांधलं’ म्हणताना हे शेठ लोक कुठे गेले? आणि किल्ल्या कोणाच्या हाती होत्या? वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या लष्करी डॉक्टरांच्या. १८५५पासून तिची परीक्षा हिंदुस्थानी माणसालाही खुली होती, फक्त ती लंडनला जाऊन द्यायची! जेजेला जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून निघालेल्याला सरकारी नोकरीत सब-असिस्टंट सर्जनची, म्हणजे खालची, खुर्ची. म्हणूनच शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी कॉलेजसाठी पैसे देताना अट घातली, शिकवणारे हिंदुस्थानी असतील आणि सरकारी नोकरीतले नसतील. त्यातून १९२६ साली परळला केईएम हॉस्पिटल उभं राहिलं. नाव बादशहाचं, अट शेठची. मुंबईची ही खोड मला फार आवडते.

छावणीचं म्हणाल तर ते सरकारी कागदातच आहे. १८५९ला नेमलेल्या रॉयल कमिशनने शोधलं काय, तर गोऱ्या फौजेत दर साली हजारी ६९ माणसं मरतात. त्यानंतर १८६४ला मुंबई, बंगाल आणि मद्रास या तिन्ही इलाख्यांत सॅनिटरी (सार्वजनिक स्वच्छतेची) कमिशनं बसली. मूळ काळजी कोणाची होती ते यात दिसतं. आणि डॉक्टर मुळात फौजेचे, मुलकी कामाला उसने दिलेले, लढाई पेटली की परत. १९१८चा इन्फ्लुएंझा आला तेव्हा या खात्यातले बरेच जण महायुद्धावर होते. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं गेली.

पुण्याचा प्लेग अधिकारी रँड, त्याच्याबद्दल थोडक्यात, तुणतुण्याचा आरोप आहे म्हणून. १८९७च्या मार्चात पुण्यात गोरे सोजिर घरात शिरून काखा-जांघा तपासत होते, जमिनी उकरत होते, अंथरुणं जाळत होते. प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे. उकरलेल्या घरातला उंदीर शेजारच्या घरात जाणार, दुसरीकडे कुठे जाईल? त्या वेळी हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, त्याचा दोष मी देत नाही. पण त्याच पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचं हॉस्पिटल काढलं आणि गाव सोडून पळालेल्या पुढाऱ्यांना झोडपलं. शहराबाहेर डॉ. यशवंत फुल्यांचा दवाखाना चालू होता, आणि तिथल्या रुग्णांची सेवा करताकरता १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. तेव्हा ‘एकीकडे इंग्रज, दुसरीकडे भगत’ एवढीच वाटणी नव्हती.

हाफकिन मात्र तुम्ही उगाच तुमच्या बाजूला ओढलेत. ते ओदेसाचे ज्यू, प्राणिशास्त्रज्ञ. लष्करी नाहीत, डॉक्टरही नाहीत. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका कोपऱ्यात काम करून १० जानेवारी १८९७ला त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवालला एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे नंतर पुढे आलं. पण दोष आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर, आणि हाफकिनना कामावरून दूर केलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. त्यांचं नाव परळच्या संस्थेला मिळालं १९२५ला, ते हिंदुस्थान सोडून गेल्यावर. त्या खात्यात बाहेरच्या माणसाची कदर किती होती, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला देता आलं नसतं.

आणि शेवटी हिशेब सरकारनेच मांडला. मांडणारे सर जोसेफ भोर, जन्माने नाशिकचे. १९४६च्या त्यांच्या अहवालाप्रमाणे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागे एक नर्स, आणि दर हजारी पाव खाटसुद्धा नाही. जेजेची इमारत बघून हे आकडे दिसत नाहीत.

तुमचा एक मुद्दा मात्र बिनशर्त मान्य. मूळ लेखात मी हाफकिनना ‘सरकारी शास्त्रज्ञ’ म्हणून एका ओळीत उडवलं होतं. ती ओळ आज काढली आहे, आणि मुल्कोवालचा परिच्छेद घातला आहे. पटलं नाही तर पुन्हा लिहा.