रिकाम्या जागेचा जाच

मजकुरात कोणता शब्द किती वेळा आला, हे मोजणारा प्रोग्राम मी पायथन या संगणकाच्या भाषेत अर्ध्या तासात लिहिला. उरलेला दिवस शब्दांमधल्या मोकळ्या जागेनं खाल्ला.

पायथन प्रत्येक प्रिंटच्या (म्हणजे ‘हे दाखव’ या आज्ञेच्या) शेवटी, न विचारता, नवी ओळ टाकतो. त्यामुळे ‘घर’ वरच्या ओळीत आणि त्याचे 12 खालच्या ओळीत. हे टाळायला ‘एंड’ला, म्हणजे शेवटी काय टाकायचं ते सांगायच्या जागी, रिकामं अवतरण द्यायचं असतं. दिलं. तर सगळे शब्द आणि आकडे एकमेकांच्या बोकांडी बसले. मग एकाच प्रिंटमध्ये स्वल्पविराम देऊन सगळं कोंबलं. आता पायथननं आपणहून स्पेस सोडली, आणि शेवटच्या पूर्णविरामाआधीही सोडली! ती घालवायला ‘सेप’ (दोन गोष्टींच्या मध्ये काय घालायचं ते) रिकामा केला, तर हवी होती तीही गेली.

कशीबशी ओळ जमली, तेव्हा मला आकडे एकाखाली एक हवेसे वाटले. (हाव वाईट.) टॅब दिला. टॅब बहुधा आठ-आठ घरांच्या खुणांवर उडी मारतो. एखादा लांबडा शब्द खूण ओलांडून गेला की त्याचा आकडा थेट पुढच्या खुणेवर. म्हणून प्रत्येक शब्द मागे स्पेस भरून दहा घरांचा करायला सांगितलं. ‘घर’ला आठ स्पेस मिळाल्या, ‘स्त्री’ला चारच. आपल्याला एकच अक्षर दिसतं, पण पायथनच्या हिशेबी ती सहा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. शाळेत जोडाक्षरं फोडायला सांगायचे तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असे, ते असं वसूल झालं.

शेवटी लाज सोडून एकेका शब्दामागे हातानं स्पेस भरल्या. स्क्रीनला चक्क पट्टी लावली. संध्याकाळी रकाने ओळंब्यात आले.

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, यादी वेबपानावर चढवा. चढवली. ब्राउझरला लागोपाठ कितीही स्पेस दिल्या तरी तो एकच दाखवतो, आणि नवी ओळ हीसुद्धा त्याच्या लेखी एक स्पेसच. माझे सगळे शब्द, सगळे आकडे एका लांबलचक परिच्छेदात गुण्यागोविंदानं नांदत होते.

साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, “एंटर द्यायला विसरलात वाटतं?”