सापाच्या पिल्लाला जिवंतच उंदीर लागतो?

साप पाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरतो: साप शिकारी आहे, फ्रीझरमधला मेलेला उंदीर दिला की त्याची शिकारी वृत्ती मरते, त्या उंदरात कस उरलेला नसतो, आणि एकदा जिवंत खायला लागलेलं पिल्लू उपाशी मरेल, पण गोठवलेल्या उंदराला तोंड लावणार नाही. हे वाचून अनेक जण घाबरून पिल्लाच्या पेटीत जिवंत उंदीर सोडतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी वृत्तीचं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोआ (विळखा घालून भक्ष्य मारणाऱ्या) सापांना मेलेले, कोमट केलेले उंदीर दिले होते. काही उंदरांच्या छातीत कृत्रिम हृदयाचे ठोके चालू ठेवले होते. सापांनी मेलेल्या उंदरांनाही विळखा घातला आणि ठोके जाणवले तिथे जास्त वेळ आवळून धरलं. ज्यांनी आयुष्यात जिवंत भक्ष्य पाहिलंच नव्हतं, ते बंदिवासात जन्मलेले सापही ठोक्यांना प्रतिसाद देत होते. ही वृत्ती निदान काही अंशी उपजत आहे, ती चिमट्याने दिलेल्या मेलेल्या उंदरामुळे जात नाही. शिवाय रानातले सापही मेलेलं खातात. फ्लोरिडातल्या सीहॉर्स की बेटावरचे कॉटनमाउथ हे विषारी साप, 2015 साली पाणपक्षी बेट सोडून जाईपर्यंत, त्यांच्या घरट्यांतून खाली पडलेल्या माशांवर जगत.

कसाबद्दल थोडक्यात: गोठवल्याने प्रथिनं आणि हाडांतलं कॅल्शियम जात नाही. फार काळ ठेवलं तर ई जीवनसत्त्व मात्र घटतं, म्हणून साठा सहा महिन्यांत संपवावा. गोठवण्याने बरेच परजीवी मरतात, साल्मोनेला मात्र टिकतो. हात धुवायचेच.

‘उपाशी मरेल’ हा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण तो अर्धा खरा आहे. पिल्लू पहिल्यांदा नकार देतं, हे होतंच. पण बहुतेक वेळा कारण उंदीर मेलेला असणं हे नसतं, तो गार असणं हे असतं. बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या छोट्या अजगराच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात. गार उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत बंद करून गरम पाण्यात ठेवा, वरून 38 ते 40 अंश सेल्सिअस होईपर्यंत. उंदराचं पोट दाबून पाहा, आत बर्फाचा कडक गोळा राहिला नसावा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो किंवा फुटतो. मग संध्याकाळी, मंद उजेडात, लांब चिमट्याने हळूच हलवा. कॉर्न स्नेक या पाळल्या जाणाऱ्या बिनविषारी सापाला असे खळगे नसतात; तो वासावर आणि हालचालीवर जातो. तरी नाहीच घेतलं, तर उंदीर अंधाऱ्या, छोट्या डब्यात पिल्लाजवळ रात्रभर ठेवा आणि सकाळी टाकून द्या, पुन्हा गोठवू नका. पुढचा प्रयत्न पाच ते सात दिवसांनी. रोज समोर नाचवलं तर पिल्लू बिथरतं. कात टाकायच्या दिवसांत प्रयत्नच करू नका.

जिवंत आणि गोठवलेलं यांच्या मधे एक पायरीही आहे: नुकताच मारलेला, अजून उबदार उंदीर. बरीच हट्टी पिल्लं या पायरीवरून पुढे येतात.

बिनकेसाचं उंदराचं पिल्लू सापाला चावू शकत नाही, हे मान्य. पण साप वाढतो आणि भक्ष्यही मोठं होतं. मोठा उंदीर जीव वाचवायला कुरतडतो, आणि भूक नसलेला साप बऱ्याचदा प्रतिकारही करत नाही. अशा सापांच्या पाठीवर पार मणक्यापर्यंत जखमा झालेल्या आहेत. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे डोळाही मिटता येत नाही. म्हणून बदल लहानपणीच करावा. आणि घाबरून, चावत मरणाऱ्या उंदराचाही विचार व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

दर आठवड्याला पिल्लाचं वजन लिहून ठेवा. वजन टिकून असेल तर काही आठवड्यांच्या उपासाने निरोगी पिल्लू मरत नाही. दहाएक टक्के घटलं, तर पेटीचं तापमान तपासा आणि सरपटणारे प्राणी जाणणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.