एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर: बासचं हेड, दोन कॅब आणि ओहमचा हिशोब

नमस्कार सर,

एक स्टार दिलात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ऐन गणपतीत, भरलेल्या मंडपासमोर, गाणं रंगात आलेलं असताना बास गिटार बंद पडली की काय होतं ते मी भोगलंय. दुकान टाकण्याआधी अकरा वर्षं मी ऑर्केस्ट्रात बासच वाजवत होतो. ढोलकी, ऑक्टोपॅड चालू राहतात, पण गाण्याचा पाया निघून जातो आणि गायक मागे वळून आपल्याकडेच बघतो.

तुम्ही लिहिलंय की ५०० वॅट सांगून आम्ही ३०० चं हेड (बासचा अँप्लिफायर) दिलं, ते दोन कार्यक्रमांत बंद पडलं, वॉरंटी नाकारली आणि वर साडेबाराशेची केबल गळ्यात मारली. दुसरी कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी, लावल्यावर आवाज नुसता घुमत होता, असंही लिहिलंय. सगळ्याचं उत्तर देतो.

आधी आमची चूक. तुम्ही हेड आणि चार दहा-इंची स्पीकरवाली एक कॅब घेतलीत, तेव्हा काउंटरवरच्या आमच्या मुलाने सांगितलं, "अजून एक कॅब लावली की फुल पॉवर मिळेल." हे अर्धंच सांगणं झालं. कॅब ८ ओहमचीच हवी (ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप), हे त्याने सांगितलं नाही आणि बिलावरही कुठे लिहिलं नाही. हेडच्या मागे सॉकेटशेजारी 'कमीत कमी ४ ओहम' असं छापलेलं आहे, पण ते बारीक अक्षर दाखवून देणं आमचं काम होतं.

आता वॅटचं. तुमचं हेड ४ ओहमच्या लोडवर, म्हणजे जोडलेल्या सगळ्या कॅबचे मिळून ४ ओहम असताना, ५०० वॅट देतं. एकटी ८ ओहमची कॅब लावली की ते साधारण ३०० वर येतं. असल्या बहुतेक हेडचं असंच असतं, कारण लोडचे ओहम वाढले की स्पीकरमधून करंट कमी जातो. पण ३०० आणि ५०० मधला फरक कानाला जेमतेम २ डेसिबलचा आहे. आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. खरा फायदा दुसऱ्या कॅबचा असतो. तश्शीच दुसरी ८ ओहमची कॅब लावली असती तर वॅटही वाढले असते आणि हवा ढकलणारे स्पीकरचे पडदे (कोन) दुप्पट झाले असते. खालच्या सुरांत दोन्ही मिळून ५ डेसिबलच्या आसपास फरक पडला असता. तो मंडपात कळतो.

तुम्ही नंतर बाहेरून जुनी पंधरा-इंची कॅब घेतलीत. हेड दुरुस्तीला आणलंत त्या दिवशी ती टेम्पोतच होती, म्हणून मी मीटर लावून पाहिलं. मागचं स्टिकर अर्धं फाटलेलं, ओहमचा आकडा गेलेला. मीटरवर ३.४ आलं. आमच्याकडून घेतलेल्या कॅबवर ६.१ आलं. मीटर नेहमी छापील आकड्यापेक्षा थोडं कमी दाखवतं, त्यामुळे ६ च्या आसपास आलं की कॅब ८ ओहमची आणि ३ ते साडेतीन आलं की ४ ची समजायची. दोन्ही एकत्र जोडल्यावर मीटर २.२ वर उतरलं. तेव्हा तुम्ही घाईत होतात आणि मीही नीट बसून समजावलं नाही.

८ आणि ४ ओहम एकत्र लावले की लोड होतो २.६७ ओहम. तुम्ही हेडमधून पहिल्या कॅबला आणि पहिल्या कॅबमधून दुसऱ्या कॅबला केबल नेली होतीत. ही माळेसारखी जोडणी बघून जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की ओहमची बेरीज होऊन १२ झाले. पण कॅबमागची दोन्ही सॉकेट आतून एकमेकांना थेट जोडलेली असतात. शाळेत शिकलो ती ही समांतर जोडणी. दिसायला एकापुढे एक, विजेच्या दृष्टीने शेजारी-शेजारी. म्हणून ओहम वाढत नाहीत, घटतात. मास्टर (एकूण आवाजाचं बटण) तेवढाच ठेवला तरी तुमच्या हेडला ४ ओहमच्या दीडपट करंट द्यावा लागत होता. साउंडचेकला हळू वाजवत होतात, तेव्हा निभावलं. कार्यक्रमात मास्टर वर गेला, त्यात पाच तारी बासची सगळ्यात खालची तार, आणि हेडने स्वतःला वाचवायला आउटपुट बंद केलं. गार झाल्यावर परत चालू झालं, तुम्ही त्याच जोडणीवर पुढचा कार्यक्रम घेतलात आणि त्या वेळी आउटपुटचा भाग जळाला.

घुमण्याचं कारणही याच जोडणीत आहे. दोन्ही कॅबना व्होल्टेज सारखंच मिळतं, त्यामुळे ४ ओहमची कॅब ८ वालीच्या दुप्पट पॉवर ओढते. तुमच्याकडे तो एकटा पंधरा-इंची स्पीकर दोन तृतीयांश पॉवर खात होता आणि ज्या चार दहा-इंचींवर बोटाचा ठोका ऐकू येतो त्या चौघांत मिळून एक तृतीयांश उरत होती. "खालच्यासाठी पंधरा, वरच्यासाठी दहा" ही समजूत मलाही होती, पण नुसत्या इंचांवर काही ठरत नाही. पेटीचं आकारमान, ती बंद आहे की भोकाची, स्पीकरचा कोन किती मागेपुढे हलू शकतो, हे सगळं त्यात येतं. १९६९ साली अँपेग या अमेरिकन कंपनीने एसव्हीटी हे व्हॉल्व्हचं (काचेच्या नळ्यांचं) ३०० वॅटचं हेड आणलं, त्याच्याबरोबरच्या कॅबमध्ये आठ दहा-इंची स्पीकर होते, पंधरा-इंची एकही नाही. आजही मोठ्या रॉक स्टेजवर ती उंच पेटी दिसते. म्हणून माझा सल्ला नेहमी हाच, की दुसरी कॅब पहिलीसारखीच घ्या, तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच ओहम. आणि शेजारी न ठेवता एकावर एक उभी करा, म्हणजे वरचे स्पीकर कानाच्या उंचीला येतात आणि आपण काय वाजवतोय ते आपल्याला ऐकू येतं.

केबलबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. तुम्ही हेडबरोबर जी केबल आणलीत ती बासमधून अँपला जाणारी होती. तिचा प्लग अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तोंडाशी प्लास्टिक पिवळं पडून सुरकुतलंय, आतला रबर चिकट झालाय. त्या केबलमध्ये मधोमध एक बारीक तार आणि भोवती जाळी असते. पिकअपच्या, म्हणजे बासच्या तारांचं कंपन पकडणाऱ्या भागाच्या, नाजूक सिग्नलला ती उत्तम, पण स्पीकरला जाणाऱ्या दहा-बारा अँपिअरला ती पुरत नाही, तापते. आम्ही दिलेल्या केबलमध्ये अडीच स्क्वेअर एमएमच्या दोन जाड तारा आहेत आणि दोन्ही टोकांना न्यूट्रिक कंपनीचे स्पीकॉन प्लग. स्पीकॉन फिरवून लॉक होतो, कोणाचा पाय अडकला तरी निघत नाही आणि चालू हेडमध्ये खोचताना साध्या जॅकसारखा शॉर्ट करत नाही. ही केबल घ्याच, असं मी प्रत्येक बासवाल्याला सांगतो आणि पुढेही सांगेन.

वॉरंटी कंपनीने नाकारली, कारण छापलेल्या मर्यादेपेक्षा कमी लोड लावला गेला. तो निर्णय मला बदलता आला नाही. पण मी फोनवर "कंपनी नाही म्हणते" एवढंच बोलून ठेवलं, ते बरोबर नव्हतं. कारण समोर बसवून सांगायला हवं होतं. माफ करा.

"इथे गिटारवाल्यांनाच विचारतात, बासवाल्याला कोणी विचारत नाही," हे वाक्य मात्र लागलं. आता बासचं हेड विकताना कमीत कमी ओहम बिलावर पेनाने लिहितो, आणि गिऱ्हाइकाकडे आधीची कॅब असेल तर ती मागवून मीटर लावतो. हे तुमच्यामुळे सुरू झालं.

तुम्ही दुरुस्तीच्या मजुरीचे १,८०० रुपये भरलेत, ते परत देतो. पार्टचे पैसे मला सोडता येणार नाहीत. पंधरा-इंची कॅब विकायची असेल तर दुकानात ठेवा, कमिशन न घेता विकून देईन, फक्त तिच्यावर '४ ओहम' असं ठळक लिहून. तोपर्यंत आमची डेमोची दोन दहा-इंचीवाली ८ ओहमची कॅब कार्यक्रमांना वापरा, भाडं नको. तुमच्या चार दहा-इंचींबरोबर ती लावली की लोड बरोबर ४ ओहम होतो. ती लहान आहे आणि पॉवर मात्र निम्मी तिच्याकडे जाणार, म्हणून मास्टर जरा आवरून ठेवा. येताना हेड आणि तुमची कॅब दोन्ही आणा, तुमच्यासमोर जोडून, पूर्ण आवाजात खालची तार वाजवून बघू. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी अकरानंतर मी स्वतः असतो.