पंचनाम्याआधी नकाशा काहून उघडत नाही?

दर पावसाळ्यात आपल्या वैनगंगेकाठच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, गोसीखुर्द धरणाचे एवढे दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले, विसर्ग इतके हजार क्युमेक, नदीकाठच्यांनी सतर्क राहावं. आता क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर पाणी, हे किती जणांना माहीत आहे? कोणी तेच क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणून पुढं ढकलतो आणि दोघांत फरक पस्तीस पटीचा! आणि समजलं तरी माणसाला जे पाहिजे ते त्यात नसतंच. पाणी माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, शिरेल का, नाल्यावरचा बुटका पूल म्हणजे रपटा कधी बुडेल, ढोरं आत्ताच सोडू का सकाळी, हे पाहिजे त्याला. एवढ्या विसर्गाला एवढे गट नंबर पाण्याखाली, असा नकाशा नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलाच पाहिजे, हे माझं स्पष्ट मत आहे.

२०२० चा ऑगस्ट आठवा. मध्य प्रदेशातून संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, गोसीखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. पुराच्या दिवसात आभाळ भरलेलं असतं तर साध्या फोटोवाल्या सॅटेलाइटला ढगच दिसतात, पण सेंटिनेल-१ हा सॅटेलाइट रडारवाला आहे, ढगातून आणि रात्रीही पाहतो. साचलेलं पाणी सपाट असल्यामुळं रडारचा सिग्नल दुसरीकडं निघून जातो म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. हा डेटा फुकट आहे, क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्या इमेजचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा बाय दहा मीटरचा चौकोन, एका एकरात असे चाळीस, म्हणजे शेताशेताचा अंदाज येतो.

पण आपल्या धानपट्ट्यात खरी गोम वेगळीच आहे. रोवणीच्या वेळी बांधीत पाणी असतंच, रडारला तेही काळंच दिसतं, मग पूर कोणता आणि रोवणीचं पाणी कोणतं? त्यासाठी पुराच्या आधीची इमेज बाजूला ठेवून फरक काढावा लागतो. तरी सॅटेलाइट रोज येत नाही, पूर येऊन ओसरून गेला तर त्याला काहीच सापडत नाही. आणि गावातला म्हातारा माणूस सांगतो, "पानी नदीकून नाही येत बापा, पयले शाळेमागच्या नाल्यातून उलटं शिरते." ही गोष्ट जमिनीची उंची तीस-तीस मीटरच्या चौकोनांत दाखवणाऱ्या नकाशात दिसणारच नाही, तिथं नाल्याची मोरीच गायब असते. म्हणून नकाशा ऑफिसात बसून एकट्याने बनवायचा नाही, त्या म्हाताऱ्याला सोबत घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरून बनवायचा.

पंचनाम्याचं तर काय सांगू. एका तलाठ्याकडं कितीतरी गावं, तो आणि कृषी सहायक येईपर्यंत पाणी ओसरलेलं, सडलेलं धान शेतकऱ्यानं काढूनही टाकलेलं, मग पुरावा काय दाखवायचा त्यानं? २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे, कोणत्या गटात कोणतं पीक हे सरकारकडं आहेच. त्यावर पुराच्या नकाशाचा थर टाकला की बाधित गटांची पहिली यादी लवकर निघते, ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, ज्याचं नाव सुटलं त्याच्या शेतात आधी जा. यादीच शेवटचा शब्द मानली तर गरिबाचंच नाव सुटेल, हेही लिहून ठेवा.

जंगलात आग लागली तर सॅटेलाइटवरून वनविभागाला अलर्ट जातो, मोह-तेंदूच्या दिवसात हे चालूच असतं. आगीसाठी होतं ते पाण्यासाठी गावापर्यंत का येत नाही? राज्याचं रिमोट सेन्सिंग (सॅटेलाइटवरून जमीन पाहण्याचं) केंद्र १९८८ पासून आपल्या नागपुरातच आहे, त्यासाठी मुंबई-दिल्ली करायचीही गरज नाही!

तोवर एवढं तरी करा. या वर्षी पाणी चढलं की विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं खूण करा, बाजूला तारीख, वेळ आणि त्या वेळचा विसर्ग लिहा. जुन्या पुराचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर व्हॉट्सअॅपवरून नका पाठवू, त्यात लोकेशन निघून जातं, ओरिजिनल फाइल जपून ठेवा.